आधी भाजक बघा: देश किती नवोन्मेषी, हे तपासण्याची माझी रीत

दर वर्षी सप्टेंबरात जिनिव्हाहून एक जाडजूड अहवाल येतो आणि आपल्याकडे त्यातला एकच आकडा फिरतो. २०२५ साली तो ३८ होता. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या ‘जागतिक नवोन्मेष (इनोव्हेशन) निर्देशांका’त १३९ अर्थव्यवस्थांमध्ये भारत अडतिसावा आला. २०१५ मध्ये आपण ८१व्या जागी होतो, २०२० मध्ये ४८व्या. ही चढण मला मनापासून सुखावते. पण नेमकं काय वाढलं, कशाच्या मानाने वाढलं आणि कुणाच्या खात्यावर जमा झालं, हे त्या एका आकड्यात कुठेच दिसत नाही.

मी पुण्यात बाणेरला पेटंट सर्चचं काम करते. दिवसभर क्लेम, म्हणजे शोधात नवं काय याचे अर्जातले दावे, वाचायचे आणि त्याच्या आधी कुणी तेच करून ठेवलंय का, हे जगभरच्या डेटाबेसमध्ये धुंडाळायचं. शनिवारी संध्याकाळी अर्थशास्त्राची आणि इंजिनिअरिंगची काही मुलं प्रोजेक्ट घेऊन घरी येतात. ‘भारत किती इनोव्हेटिव्ह आहे?’ हा विषय त्यात हटकून असतो. त्यांना मी जे करायला लावते तेच इथे लिहिते आहे. इंटरनेट, एक्सेल किंवा तसलीच एखादी फुकटची स्प्रेडशीट आणि एक मोकळी दुपार एवढं पुरतं.

बातमी नको, देशाचं पान उघडा

अहवाल फुकट उतरवून घेता येतो. तो पहिल्या पानापासून वाचत बसू नका. प्रत्येक देशाचं स्वतंत्र पान असतं, तिथे थेट जा. सुमारे ८० निर्देशक, म्हणजे मोजलेल्या बाबी, ओळीने दिलेले असतात. प्रत्येकासमोर मूळ आकडा, शंभरपैकी गुण आणि त्या निर्देशकातला क्रमांक. भरीव ठिपका म्हणजे देशाची बळकट बाजू, पोकळ ठिपका म्हणजे कच्ची. काही ओळींपुढे घड्याळाचं छोटं चिन्ह दिसेल. याचा अर्थ तो आकडा जुना आहे. ही चिन्हं आधी बघून घ्या, कारण निम्मी कहाणी तिथेच कळते.

भारताच्या पानावर संगणक आणि दूरसंचार सेवांच्या निर्यातीसमोर पहिल्या क्रमांकाच्या आसपासचा आकडा असतो. एकूण व्यापारात या सेवांचा वाटा मोजला की आपण जगात अव्वल ठरतो, आणि त्यात पुण्याच्या हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या आयटी कंपन्यांचा हातभार मोठा आहे. त्याच पानावर उच्चशिक्षित स्त्रियांना मिळणाऱ्या रोजगाराची ओळही आहे. तिथे आपण फार खाली आहोत. दोन्ही ओळी एकाच देशाच्या, आणि दोन्ही मिळून ३८ होतात. माझ्या बरोबरीने शिकलेल्या किती मुली आज काम करतात हे मी जाणते, त्यामुळे ही दुसरी ओळ मी मुलांना वगळू देत नाही.

आता रचना. सात स्तंभ आहेत. संस्था, मनुष्यबळ आणि संशोधन, पायाभूत सुविधा, बाजारपेठेची प्रगल्भता, उद्योगांची प्रगल्भता हे पाच ‘घातलेल्या’ गोष्टींचे. ज्ञान व तंत्रज्ञान आणि सर्जनशील निर्मिती हे दोन ‘निघालेल्या’ गोष्टींचे. पाचांची सरासरी काढतात, दोघांची वेगळी काढतात, मग त्या दोन सरासऱ्यांची पुन्हा सरासरी. कागदावर हे निरुपद्रवी दिसतं, पण हिशोब करून बघा: घातलेल्या बाजूच्या प्रत्येक स्तंभाला शेवटच्या गुणांत १० टक्के वजन मिळतं आणि निघालेल्या बाजूच्या प्रत्येकाला २५ टक्के. भारताची निघालेली बाजू गेली काही वर्षं घातलेल्या बाजूपेक्षा वरच्या क्रमांकावर आहे. म्हणजे ही मांडणी आपल्याला मानवते. सातही स्तंभांना सारखं वजन दिलं तर काय होतं, ते स्वतः करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

भाजक

इथे मात्र घाई करू नका. मुलं सगळ्यात जास्त इथेच फसतात, आणि वर्तमानपत्रंही.

आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जांचं उदाहरण घेते. पीसीटी नावाचा एक करार आहे, त्याखाली एकच अर्ज करून अनेक देशांत पेटंट मागण्याचा हक्क राखता येतो. त्याला खर्च बराच येतो, त्यामुळे जिथे खरोखर काही कमावण्याची आशा आहे तिथेच माणूस तो करतो. म्हणून तो निर्देशक बऱ्यापैकी भरवशाचा. २०२३ मध्ये भारतातून असे सुमारे ३,८०० अर्ज गेले, स्वित्झर्लंडमधून सुमारे ५,४००, आणि चीनमधून जवळपास ७०,०००.

नुसती संख्या घेतली तर स्वित्झर्लंड आपल्या दीडपटही नाही. ‘म्हणजे आपण जवळ पोचलोच की’, असं कुणीतरी म्हणतंच. मग मी लोकसंख्येने भागायला लावते. स्वित्झर्लंडची लोकसंख्या सुमारे ८९ लाख, म्हणजे दर दहा लाख माणसांमागे ६०० हून जास्त अर्ज. आपल्याकडे दर दहा लाखांमागे तीनही नाहीत. दोनशे पटींहून मोठा फरक! खोलीत शांतता पसरते. त्यानंतर दुसरा भाजक: क्रयशक्तीनुसार, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक धरून, मोजलेला जीडीपी. भारताचा सुमारे १४.५ लाख कोटी डॉलर, स्वित्झर्लंडचा सुमारे ८० हजार कोटी डॉलर. दर शंभर कोटी डॉलरमागे स्वित्झर्लंडचे साडेसहा-सात अर्ज, आपला पाव. फरक पंचवीस पटींवर आला.

दीडपट, दोनशे पट, पंचवीस पट. अर्ज तेवढेच, देश तेच. यातलं खरं कोणतं? तुम्ही काय विचारताय त्यावर आहे. ‘जगाच्या तंत्रज्ञानात भर कुणाची जास्त?’ असा प्रश्न असेल तर नुसती संख्या घ्या. तिथे चीन आपल्या अठरा पट पुढे आहे आणि हे झाकण्यात अर्थ नाही. ‘या देशात जन्मलेल्या मुलाला संशोधक होण्याची संधी किती?’ असा प्रश्न असेल तर लोकसंख्या. ‘आहे त्या ऐपतीत देश किती करतो?’ असं विचारायचं असेल तर जीडीपी. जिनिव्हाचा निर्देशांक पेटंट आणि शास्त्रीय लेखांसाठी हा जीडीपीचा भाजक वापरतो. म्हणूनच तो भारताला ‘ऐपतीपेक्षा जास्त करणारा’ देश म्हणतो. आणि हे बिरुद आपण पंधरा वर्षं सलग टिकवलंय. त्याचा अभिमान जरूर बाळगा, फक्त तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर मुलांच्या प्रोजेक्टमध्ये तिन्ही रकाने शेजारी शेजारी असायलाच हवेत. एकच रकाना दाखवणाऱ्याला मी दुसरा मागते.

पत्ता कुणाचा धरलाय?

पुण्यापुरतं हे प्रकरण फार बोलकं आहे. खराडीतल्या एखाद्या अमेरिकन कंपनीच्या संशोधन केंद्रात आपल्या मुलीने काही शोधलं, तर अर्जात शोधक म्हणून तिचं नाव आणि पुण्याचा पत्ता येतो. अर्जदार मात्र अमेरिकेतली मूळ कंपनी असते. देशांचे पेटंट मोजताना बहुधा अर्जदाराचा देश धरतात. म्हणजे तिचा शोध अमेरिकेच्या खात्यात गेला. शहरांचे समूह मोजताना शोधकाचा पत्ता धरतात, तिथे तोच शोध पुण्याच्या खात्यात येतो.

याच अहवालात २०१७ पासून जगातल्या आघाडीच्या शंभर शोध-समूहांची यादी येते. पहिल्या वर्षी फक्त पीसीटी अर्जांतल्या शोधकांचे पत्ते मोजले होते, आणि त्या यादीत बंगळुरू आणि मुंबईबरोबर पुणेही होतं, अगदी तळाशी का होईना. २०१८ मध्ये शास्त्रीय लेखही मोजायला घेतले. मोठमोठ्या विद्यापीठांची शहरं वर सरकली, दिल्ली आत आली आणि पुणे बाहेर गेलं. एका वर्षात पुण्यातल्या माणसांची बुद्धी आटली होती का? पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून तिथेच आहे, आयुका, आयसर, सीडॅक या संशोधन संस्थाही पुण्यातच आहेत. पट्टी बदलली, एवढंच. २०२५ मध्ये तीत आणखी एक माप जोडलं, साहसी भांडवलाच्या, म्हणजे नव्या कंपन्यांत जोखीम घेऊन घातलेल्या पैशाच्या, सौद्यांचं. आणि वर्षानुवर्षं पहिली असलेली टोकियो-योकोहामा जोडी दुसरी झाली, शेन्झेन-हाँगकाँग-ग्वांगझू पहिलं आलं.

तेव्हा कुठल्याही यादीत आपलं नाव दिसलं किंवा नाहीसं झालं, की पहिलं काम: पद्धतीचं परिशिष्ट उघडून ‘या वर्षी काय बदललं?’ ते शोधा. अहवाल लिहिणारे ते प्रामाणिकपणे लिहून ठेवतात. वाचणारे थोडे. क्रमांकांची वर्षा-वर्षाला थेट तुलना करू नका, असंही तेच बजावतात, कारण देशांची संख्या, निर्देशक आणि उपलब्ध आकडे दर वर्षी हलतात. शिवाय युरोपियन कमिशनचं संयुक्त संशोधन केंद्र या निर्देशांकाची तपासणी करतं आणि प्रत्येक देशाचा क्रमांक किती ते किती हलू शकतो याचा पल्ला देतं. ३९चा ३८ झाला हे बातमीत मोठं दिसतं, पण पल्ल्याच्या आत बसणाऱ्या एका पायरीवर मी तरी एक ओळ खर्च करणार नाही. ८१चा ३८ होणं ही वेगळी गोष्ट आहे. ते पट्टीच्या हलण्याने होत नाही.

आपल्या देशातले पेटंटचे आकडे

हा माझा रोजचा प्रांत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

भारतात २०२२-२३ मध्ये सुमारे ३४ हजार पेटंट मंजूर झाली आणि २०२३-२४ मध्ये एक लाख तीन हजारांवर. तिप्पट! त्याच काळात दाखल झालेले अर्ज सुमारे ८३ हजारांवरून ९२ हजारांवर गेले. एका वर्षात देश तिप्पट कल्पक झाला असता तर अर्ज असे मुंगीच्या पावलांनी वाढले नसते. पेटंट कार्यालयाने वर्षानुवर्षं तुंबलेले अर्ज झपाट्याने निकाली काढले. प्रशासन म्हणून हे काम मोलाचं आहे. आमच्या ऑफिसात ज्या अर्जांची आशा सोडली होती त्यांचे निकाल पटापट हाती आले. पण हा वेग कार्यालयाचा. देशाची कल्पकता मोजायची तर मंजुरीचं वर्ष घेऊ नका, अर्ज पहिल्यांदा दाखल झाला ते वर्ष घ्या.

आता अर्जांकडेही डोळे उघडे ठेवून बघा. २०२१ मध्ये नियम बदलून शिक्षणसंस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली. हेतू उत्तम होता आणि अनेक प्राध्यापकांना, विद्यार्थ्यांना त्याने खरोखर हात दिला. त्याच सुमारास कॉलेजांच्या गुणांकनात ‘प्रसिद्ध झालेली पेटंट’ मोजली जात होती. अर्ज दाखल केला की तो साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. फॉर्म ९ भरून शुल्क दिलं की महिन्याभरातही होतो. प्रसिद्ध होण्यासाठी तपासणी लागत नाही. कुणी तो अर्ज वाचून ‘यात नवीन काय?’ असं विचारलेलंही नसतं. तरी कॉलेजच्या फाटकावर ‘आमच्या विभागाची इतकी पेटंट प्रसिद्ध’ असा फ्लेक्स लागतो, आणि अर्जांच्या संख्येवर चालणाऱ्या निर्देशकात तो अर्ज जमाही होतो. सर्च करताना असे अर्ज माझ्यासमोर येतात. एकाच दिवशी दाखल झालेले, वेगवेगळ्या गावांतल्या आठ-दहा शोधकांची नावं असलेले, क्लेम मात्र इतका मोघम की त्यातून वस्तू कशी बनवायची हे कळत नाही. वाचून मला राग येण्यापेक्षा वाईट वाटतं, कारण त्यातल्या एखाद्या मुलाने खरंच काहीतरी केलेलं असतं आणि ते या गर्दीत हरवतं.

मग खरं काय मोजायचं? मी तीन गोष्टी सांगते.

पहिली, जिवंत पेटंट. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचं शुल्क भरत राहावं लागतं, ते चढत जातं, आणि भरलं नाही तर पेटंट गळतं. जास्तीत जास्त मुदत वीस वर्षांची. सात-आठ वर्षांनी कुणी खिशातून पैसे भरून पेटंट जगवत असेल, तर ते कुणाच्या तरी उपयोगाचं आहे. पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या शोधसेवेत अर्जाचा क्रमांक टाकला की ते जिवंत आहे की गळलंय ते दिसतं.

दुसरी, फॉर्म २७. मंजूर पेटंटचा मालक ते भारतात वापरात आणलंय की नाही याचं निवेदन देतो. पूर्वी ते दर वर्षी द्यावं लागे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर तीन आर्थिक वर्षांतून एकदा. हे कागद वाचणं कंटाळवाणं आहे, तरी प्रोजेक्टसाठी पुणे परिसरातल्या अर्जदारांची वीस-पंचवीस पेटंट निवडा आणि त्यांचा फॉर्म २७ बघा. ‘वापरात नाही’ किती जणांनी लिहिलंय ते मोजा. हा आकडा कुठल्याच निर्देशांकात मिळणार नाही, तुमचा तुम्हीच काढलेला असेल.

तिसरी, इतर देशांत केलेले अर्ज. घरात अर्ज करणं सोपं. चार देशांत पैसे ओतून करणं वेगळं.

आकडा किती जुना, आणि आकडा आहे की मत?

संशोधनावरचा आपला खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के, हे वाक्य तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल. तो २०२०-२१चा आकडा आहे. दक्षिण कोरिया ५ टक्क्यांच्या आसपास, इस्रायल ६च्या, चीन अडीचच्या वर. आपल्या ०.६४ मध्ये खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के. कोरिया किंवा चीनमध्ये तो तीन चतुर्थांशाच्या आसपास असतो. मला यातली दुसरी तुलना पहिल्यापेक्षा जास्त टोचते. सरकारने पैसा वाढवायला हवा हे खरंच, पण नफ्यातल्या कंपन्यांनी संशोधनाला पैसा लावला नाही तर टक्केवारी हलणार नाही.

संशोधन खर्च म्हणजे काय धरायचं, याची जगभरची व्याख्या १९६३ साली इटलीतल्या फ्रास्काती गावी झालेल्या बैठकीतून आली. काम नवं हवं, सर्जनशील हवं, निकाल आधी ठाऊक नसावा, पद्धतशीर हवं आणि दुसऱ्याला ते पुन्हा करता यावं. या पाच कसोट्या प्रोजेक्टच्या वहीत पहिल्या पानावर उतरवून घ्या.

निर्देशांकातल्या काही ओळी मोजणीच्या नसतात, मताच्या असतात. विद्यापीठं आणि उद्योग यांच्यातलं सहकार्य किती, हे कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना विचारून ठरवतात. काही ओळी काळाबरोबर येतात आणि जातात: एके काळी यूट्यूबवर चढवलेले व्हिडिओ आणि विकिपीडियातल्या दुरुस्त्याही मोजत. जागतिक बँकेचा ‘व्यवसायसुलभता’ अहवाल २०२१ मध्ये आकड्यांतल्या गैरप्रकारांमुळे बंद झाला, तेव्हा त्यावर टेकलेल्या ओळीही काढाव्या लागल्या. आणि काही ओळी रिकाम्याच. चीन किंवा जर्मनीसारखा छोट्या सुधारणांसाठीचा ‘युटिलिटी मॉडेल’ कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे तिथे भारताचा आकडा असणारच नाही. रिकाम्या जागी अंदाज भरत नाहीत, उरलेल्यांची सरासरी काढतात.

स्वतःचा निर्देशांक बांधून बघा

हे केल्याशिवाय वरचं सगळं अंगात मुरत नाही. एक निर्देशक घ्या, संशोधन खर्चच घ्या. ढोबळ आकडे: भारत ०.६४, चीन २.६, स्वित्झर्लंड ३.३, कोरिया ५. सगळ्यात लहान आकड्याला शून्य, सगळ्यात मोठ्याला १००. मधल्यांसाठी: त्या देशाच्या आकड्यातून लहान आकडा वजा करा, मोठ्या-लहानातल्या फरकाने भागा, १००ने गुणा. चीनला ४५ गुण मिळतात, स्वित्झर्लंडला ६१, कोरियाला १००.

आता पाचवी ओळ घाला: इस्रायल, ६. कोरिया ८१वर घसरला, स्वित्झर्लंड ५०वर, चीन ३७वर. कोरियाने संशोधनात एक वॉनही कमी केला नव्हता. गुण सापेक्ष असतात हे वाचून कळतं, पण स्वतःच्या स्प्रेडशीटमध्ये आकडे घसरताना बघितले की विसरत नाही. खऱ्या निर्देशांकात फार टोकाचे आकडे आधी आटोक्यात आणतात, पण गाभा हाच.

मग आणखी तीन-चार निर्देशक जोडा: पीसीटी अर्ज, संशोधकांची संख्या, उच्च तंत्रज्ञानाची निर्यात, जे मिळेल ते. वजनांसाठी वेगळा रकाना ठेवा म्हणजे बदलून बघता येईल. वजनं तीन प्रकारे बदला आणि दर वेळी क्रमवारी टिपून ठेवा. जो देश प्रत्येक वेळी वर राहतो त्याच्याबद्दल ठामपणे बोला. जो वजनाबरोबर उड्या मारतो त्याच्याबद्दल जपून. २०२१ साली जिनिव्हाच्या यादीत स्वित्झर्लंड पहिला आणि कोरिया पाचवा होता. ब्लूमबर्ग या वित्तीय वृत्तसंस्थेच्या यादीत त्याच वर्षी कोरिया पहिला. ब्लूमबर्गने सातच निर्देशक घेतले होते आणि त्यांत कारखानदारी, संशोधन खर्च, पेटंट हे होते. दोघांचंही चुकलं नाही. कोरिया दोन्ही याद्यांत पहिल्या पाचांत होता, हे धरून ठेवायचं.

भोसरीत काय मोजणार?

आता ज्या भागासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो. दादाचं भोसरी एमआयडीसीत वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी, एक सीएनसी (ही संगणकावर चालणारी, धातू कापणारी मशीनं), थोडी जुनी लेथ, आणि मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांचं जॉब वर्क. एका ब्रॅकेटला दोन सेटिंग लागायची, म्हणजे तो भाग मशीनवर दोनदा पकडावा लागायचा. दुसऱ्यांदा पकडताना थोडं सरकायचं आणि रिजेक्शन यायचं. त्याच्याकडच्या सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कामगाराने, भाग धरून ठेवणारं फिक्स्चर असं बदललं की दोन्ही बाजू एकाच पकडीत होतात. रिजेक्शन जवळपास थांबलं, वेळ वाचला. त्यावर पेटंट नाही, लेख नाही. हिशोबाच्या वहीत ‘संशोधन’ असं खातंच नाही. त्या सेटरकडे आयटीआयचं प्रमाणपत्र आहे. जिनिव्हाच्या ८० निर्देशकांत हा माणूस कुठेच बसत नाही.

पण एक पट्टी अशी आहे की जिच्यात तो बसतो. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची ऑस्लो नियमावली, पहिली आवृत्ती १९९२ची आणि चौथी २०१८ची. तिची व्याख्या साधी आहे: नवी किंवा सुधारलेली वस्तू अथवा कामाची पद्धत, त्या संस्थेच्या आधीच्यापेक्षा ठळकपणे वेगळी, आणि ग्राहकापर्यंत पोचलेली किंवा वापरात आलेली. जगात पहिली असण्याची अट नाही. त्या वर्कशॉपसाठी नवी असली तरी पुरे. युरोपात याच व्याख्येवर दर दोन वर्षांनी कंपन्यांची पाहणी होते. आपल्याकडे विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेबरोबर २०२१-२२ मध्ये आठ हजारांवर कारखान्यांची अशी पाहणी केली, आणि सुमारे एक चतुर्थांश कारखान्यांनी त्या काळात काहीतरी नवं आणल्याचं आढळलं. मला वाटतं, क्रमांकाइतकीच ही पाहणी दर वर्षी पहिल्या पानावर यायला हवी.

तुम्हीही करू शकता. भोसरी, चाकण, धायरी, नाहीतर तुमच्या गल्लीतली गॅरेजं आणि बेकऱ्या. एकाच प्रकारचे वीस-तीस धंदे निवडा. ओळखीचेच निवडू नका. रस्त्यावरचा प्रत्येक तिसरा गाळा असा काहीतरी नियम ठरवा, नाहीतर गप्पिष्ट आणि उत्साही मालकच तुमच्या वहीत येतील. आणि ‘तुम्ही इनोव्हेशन करता का?’ असं विचारू नका. समोरचा एकतर ‘नाही हो, आम्ही साधी माणसं’ म्हणतो किंवा भाषण देतो. असं विचारा: गेल्या तीन वर्षांत काय वेगळं करायला लागलात? आधी कसं करायचात? ते कुणी सुचवलं, मालकाने, कामगाराने, गिऱ्हाइकाने, मशीन विकणाऱ्याने? आसपास आणखी कुणी तसं करतं का? आज शंभर रुपयांची विक्री झाली तर त्यातले किती रुपये तीन वर्षांपूर्वी नसलेल्या मालाचे? आणि शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो: काय करायचं होतं आणि राहून गेलं, कशामुळे? त्याच्या उत्तरात भांडवल येतं, उशिरा मिळणारी पेमेंट येतात, चांगला माणूस सोडून जाणं येतं.

उत्तर ऐकताना मशीन बघायला मागा. पोरांना संकोच वाटतो, पण बदललेलं फिक्स्चर हातात घेऊन दाखवताना माणूस जे सांगतो ते खुर्चीत बसून सांगत नाही. जेवणाच्या सुट्टीत जा, काम चालू असताना कुणी बोलणार नाही. नावं लिहू नका, पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीचं, नाव तर अजिबात नको. जॉब वर्कवाल्याची भाकरी त्यावर असते.

राज्याचं चित्र हवं असेल तर नीती आयोगाचा भारत नवोन्मेष निर्देशांक आहे. २०१९, २०२० आणि २०२१च्या तीन आवृत्त्या. तिन्हींत मोठ्या राज्यांत कर्नाटक पहिलं. महाराष्ट्र २०२० मध्ये दुसरा होता आणि २०२१ मध्ये चौथा. पण त्या दोन आवृत्त्यांत निर्देशकांची संख्या ३६ वरून ६६ झाली होती, तेव्हा ‘महाराष्ट्र घसरला’ असं लिहिण्याआधी वरचं पुण्याचं उदाहरण आठवा.

शेवटी निष्कर्ष लिहिताना एका वाक्यात चार गोष्टी येऊ द्या: काय मोजलं, कशाने भागलं, कोणत्या वर्षाचं, कुणाचा पत्ता. नमुना देते: ‘२०२३ मध्ये भारतातल्या अर्जदारांनी क्रयशक्तीनुसार जीडीपीच्या दर शंभर कोटी डॉलरमागे सुमारे पाव पीसीटी अर्ज केला, परदेशी कंपन्यांच्या भारतीय केंद्रांतले, मूळ कंपनीच्या नावे गेलेले शोध यात धरलेले नाहीत.’ वाक्य लांब होतं, होऊ द्या. त्याखाली तुमची स्प्रेडशीट जोडा, सूत्रं लपवू नका, आणि पाहणी केली असेल तर विचारलेले प्रश्न जसेच्या तसे द्या, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरं कुणी त्याच गाळ्यांवर जाऊन तेच विचारू शकेल.